कडेच्या वाफ्यासाठी झुडपे निवडताना पहिला प्रश्न विषाचा असावा

बागेच्या कडेला नवा वाफा आखला की पाय रोपवाटिकेकडे वळतात आणि त्या दिवशी ज्या झुडपावर सर्वांत जास्त फुले दिसतात तेच घरी येते. मीही अनेक वर्षे हेच करत आलो. आता मात्र माझे मत ठाम झाले आहे की फुलाचा रंग पाहण्याआधी त्या झाडाचा कोणता भाग विषारी आहे आणि वाफ्याजवळ वावरणाऱ्या लहान मुलाच्या किंवा पाळीव प्राण्याच्या तोंडी तो सहज जाईल का, हे विचारलेच पाहिजे.

कण्हेरीचेच पाहा. भर उन्हात, कमी पाण्यावर भरभरून फुलणारे हे झुडूप पान, फूल, खोड, मूळ अशा प्रत्येक भागात विष बाळगून असते. त्यातील ओलिअँड्रिन हे द्रव्य हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवते आणि पाने वाळली तरी ती निर्धोक होत नाहीत. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हे झाड वेगळे असले तरी तिचे विष त्याच जातकुळीचे आहे. तिच्या बिया विशेष घातक असतात आणि खाली पडलेली टणक फळे मुले खेळायला हमखास उचलतात. एकाच नावाखाली अशी दोन झाडे वावरत असल्यामुळे रोप घेताना त्याचे शास्त्रीय नाव विचारून लिहून घ्यावे, असा माझा आग्रह असतो. नेरियम ओलिअँडर आणि कॅस्काबेला थेवेटिया ही नावे उच्चारायला अवघड आहेत खरी, पण योग्य माहिती शोधायची तर तीच उपयोगी पडतात.

कुंपणासाठी लोकप्रिय असलेल्या दुरांटाची पिवळी, मण्यांसारखी फळे विषारी आहेत, तशीच रातराणीचीही. घाणेरीच्या पाल्याने गुरांच्या यकृताला इजा होते, शिवाय पक्षी तिच्या बिया दूरवर पसरवतात, त्यामुळे ती मी कोणत्याच वाफ्यात लावणार नाही. शेराचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून केवळ छाटणी करणाऱ्याचा विचार केला तरी ते झाड वाटेच्या कडेला नसावे. सायकसच्या बिया कुत्र्यांच्या यकृतावर घाव घालतात, हे कुत्रा पाळणाऱ्यांना रोप विकतानाच सांगितले जायला हवे.

याचा अर्थ प्रत्येक विषारी झाड उपटून टाकावे असा मी घेत नाही. घरात रांगते मूल असेल तर कण्हेर नकोच. नसेल तर ती मागच्या रांगेत, हात सहज पोहोचणार नाही अशा जागी चालू शकते. पुढच्या रांगेत मात्र जास्वंद, एक्झोरा, मोगरा अशी निर्धोक झुडपेच असावीत, आणि अर्धवट सावली असेल तर अबोली फार समाधान देते. गुलाब आणि काटेरी कोऱ्हांटी विषारी नाहीत, पण त्यांचे काटे लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात, एवढे ध्यानात ठेवावे.

विषाखालोखाल महत्त्वाचा आहे तो विस्तार. रोप हातभर असताना वाफा रिकामा वाटतो आणि आपण दाटीवाटीने लावतो. जे झुडूप पूर्ण वाढल्यावर 4 फूट पसरते त्याच्या शेजारचे तसेच झुडूप 4 फुटांवर आणि वाट किमान 2 फुटांवर हवी. अन्यथा पुढे सतत छाटणी करावी लागते, फुले कमी होतात आणि आत हवा न खेळल्याने रोग वाढतात. मधली मोकळी जागा पहिली दोन वर्षे हंगामी फुलांनी भरून काढता येते. जमिनीत पाणी साचते का हे आधीच पाहावे: फूटभर खोल खड्डा पाण्याने भरावा आणि दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले तर मोगऱ्यासारख्या झुडपासाठी वाफा उंच करून घ्यावा.

ज्यांच्या बागेत कण्हेर आधीच आहे आणि ती काढायची आहे, त्यांनी हातमोजे घालावेत, तुकडे गुरांच्या चाऱ्यात किंवा शेळ्यांपुढे जाणार नाहीत याची काळजी घ्यावी आणि त्या फांद्या कधीही जाळू नयेत, कारण तिचा धूरही विषारी असतो.