टीव्हीच्या सिनेमा मोडमधील (चित्रपटांसाठीच्या चित्र-सेटिंगमधील) ‘पिवळ्या’ चित्राबाबत खुलासा
‘सिनेमा मोडमध्ये चित्र पिवळट दिसले तर टीव्हीचे पॅनेल सदोष समजावे, आणि व्हिव्हिड मोड लावून शार्पनेस 100 वर न्यावा,’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. तो चुकीचा आहे.

चित्रपटाचे कलर ग्रेडिंग, म्हणजे रंगांची अंतिम जुळवणी, ज्या मॉनिटरवर होते, त्याचा पांढरा रंग साधारणपणे 6500 केल्विनच्या (पांढऱ्याची छटा मोजण्याचे एकक; आकडा वाढला की छटा निळसर) आसपास, म्हणजे डी65 या प्रमाणाला, जुळवलेला असतो. दुकानाच्या झगझगाटात उठून दिसावा म्हणून व्हिव्हिड मोडमधला (भडक रंगांच्या सेटिंगमधला) पांढरा त्याहून बराच निळसर ठेवलेला असतो, आणि त्याला सरावलेल्या डोळ्यांना प्रमाणित पांढरा पिवळा वाटतो. काही दिवसांत ही सवय मोडते. पिवळेपणा पडद्याच्या एकाच कोपऱ्यात असेल, तर मात्र तक्रार जरूर करावी.

शार्पनेसने तपशील वाढत नाही, कडांना कृत्रिम उठाव मिळतो. क्रिकेटच्या धावफलकातील अक्षरे जवळ जाऊन पाहिली, तर त्यांच्याभोवती नसलेली पांढरी किनार दिसेल. ती जाईपर्यंत आकडा खाली आणावा. काही टीव्हींत तो शून्यावर येतो, काहींत मध्येच थांबावे लागते, कारण त्याखाली चित्र धूसर होऊ लागते.

2019 साली जाहीर झालेला फिल्ममेकर मोड, म्हणजे चित्रपट त्याच्या निर्मात्यांना अपेक्षित रूपात दाखवणारे सेटिंग, उपलब्ध असल्यास चित्रपटासाठी तोच निवडावा.