एकाच पडद्यावर १९५३ आणि २०२३

परवा पुन्हा एकाने विचारलं, सगळं घरबसल्या बघायला मिळतंय तर तू अजून त्या छोट्या थिएटरात कशाला जातोस, आणि तेही सत्तर वर्षांपूर्वीचे ब्लॅक अँड व्हाइट सिनेमे बघायला. तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितोय, जरा लांबेल.

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) मी लॅपटॉपवर तीनदा सुरू केला आणि तिन्ही वेळा अर्ध्यात सोडला. कॅमेरा जमिनीपासून जरासाच वर, जवळपास हलतच नाही, माणसं बसून बोलतायत, मधेच नुसत्या कारखान्याच्या चिमण्या दिसतात, आणि माझा हात सारखा फोनकडे. मग तो इंडिपेंडंट थिएटरात लागला, म्हणजे असं थिएटर जे कुठल्या मोठ्या साखळीचं नाही आणि काय लावायचं ते तिथलीच माणसं ठरवतात. सव्वादोन तास, अंधार, पॉजचं बटण नाही. म्हातारे आईवडील मुलांना भेटायला टोकियोला येतात आणि मुलांना वेळ नसतो, गोष्ट इतकीच. वडील रात्री मित्राला घेऊन, भरपूर पिऊन मुलीच्या सलूनमध्ये येतात आणि खुर्च्यांतच झोपी जातात तेव्हा अख्खं थिएटर हसलं. हा सिनेमा हसवतो हे मला लॅपटॉपवर कळलंच नव्हतं! आणि पुढे आई गेल्यावर तीच मुलगी जेवता जेवता आठवण म्हणून आईचे कपडे मागते, तेव्हा मघाशी हसणारे तेच लोक एकदम गप्प. घरी शेवटचा फोन कधी केला होता हे त्या शांततेत आठवलेला मी एकटाच नसणार.

आणि मग त्याच पडद्यावर जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सचा 'पर्फेक्ट डेज' (२०२३). टोकियोतली सार्वजनिक टॉयलेट्स साफ करणारा एक माणूस, रोज तेच काम, कॅसेटवरची गाणी, जुनी पुस्तकं, दुपारी झाडांचे फोटो. ही भूमिका करणाऱ्या कोजी याकुशोला कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये बेस्ट अ‍ॅक्टर मिळालं. सिनेमातल्या त्या माणसाचं आडनाव हिरायामा, आणि 'टोकियो स्टोरी'तल्या कुटुंबाचं आडनावही हिरायामाच. वेंडर्स ओझूला इतका मानतो की १९८५ मध्ये त्याने ओझूचं टोकियो शोधत फिरणारी एक डॉक्युमेंटरीच केली होती. हे सगळं वाचूनही कळतं, पण आधी ओझू बघून मग हे बघताना त्याच त्या रोजच्या गोष्टींकडे थांबून बघायची सवय डोळ्यांना लागलेली असते, तिसऱ्यांदा तीच सकाळ आली तरी कंटाळा येत नाही, उलट आज काय वेगळं आहे ते आपण शोधत बसतो. जुन्याने नवीन बघायला शिकवलं आणि नवीन बघितल्यावर जुनं म्युझियममधलं वाटेनासं झालं. म्हणून 'जुनं ते सोनं' म्हणत आजचं काही न बघणारे आणि जुनं म्हणजे स्लो म्हणून हात न लावणारे, दोघांशीही माझं जमत नाही. एकामागे एक काय लावायचं याचा कुणीतरी मन लावून विचार केलेला असतो, तो अल्गोरिदम नाही करत.

अजून एक, हे दोन्ही सिनेमे चौकोनी फ्रेमचे आहेत, आजच्यासारखे आडवे पसरलेले नाहीत. चांगल्या थिएटरात सिनेमा सुरू व्हायच्या आधी बाजूचे काळे पडदे आत सरकतात आणि पडदा त्या फ्रेमच्या मापाचा होतो. छोटी गोष्ट आहे, पण मला ती बघूनच बरं वाटतं.

आणि जुने सिनेमे आपोआप टिकत नाहीत हो. १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबमध्ये आग लागली आणि सत्यजित राय यांच्या 'पाथेर पांचाली'सकट अपू या मुलाची गोष्ट सांगणाऱ्या तिन्ही चित्रपटांच्या निगेटिव्ह त्यात जळाल्या. काही भाग वाचला, तो इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये हाताने दुरुस्त करत, उरलेलं दुसऱ्या प्रिंट्सवरून घेत २०१५ मध्ये 'पाथेर पांचाली' पुन्हा मोठ्या पडद्यावर आला. एवढं करून फोनवर बघायचा?

एक विनंती, बघायचाच असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत जा. 'पुढच्या आठवड्यात जाऊ' म्हणेपर्यंत छोटा सिनेमा उतरलेला असतो, माझे असे कितीतरी हुकलेत आणि ते अजून सलतात.

'पर्फेक्ट डेज' संपल्यावर नावं सरकायला लागतात. घरी इथे चौकट बारीक होते आणि पुढचं काहीतरी सुरू होतं. तिथे लाइट लावले नाहीत, बरेच जण बसून राहिले. सगळी नावं संपल्यावर पडद्यावर एका जपानी शब्दाचा अर्थ येतो: कोमोरेबी, पानांमधून झिरपणारा आणि वाऱ्याबरोबर हलणारा उजेड. तो माणूस रोज दुपारी वर बघून कशाचे फोटो काढत होता ते तेव्हा कळलं.