मागच्या चाकातले तेल आणि अर्धा पेला ब्रेक ऑइल

नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज घाटाने कल्याणला जाणाऱ्या माझ्या मावसभावाच्या पिकअपचे मागचे डावे चाक आतून ओले दिसू लागले आणि त्याच सुमारास चालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरणारा एक संदेश त्याच्यापर्यंत पोहोचला. संदेशाचे म्हणणे असे: मागच्या चाकाशी तेल दिसले म्हणजे एक्सलचे, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचे, तेल अडवणारे रबरी ऑइल सीलच गेले, ते बदलू नका, बाजारात मिळते ते सगळे नकली असते, हौसिंगमध्ये (एक्सल आणि गिअर ज्यात असतात त्या कवचात) अर्धा पेला ब्रेक ऑइल ओता, सील फुगून गळती थांबेल, गळते म्हणून तेल थोडे जास्तच भरून ठेवा, आणि तेलाने भिजलेले लायनर (ब्रेकचे घासले जाणारे पट्टे) पेट्रोलने धुऊन, पेटवून पुन्हा बसवा. मावसभाऊ ब्रेक ऑइलची बाटली घेऊनही आला होता, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांनी पैसे जातील, याने जीव जाईल. लायनर कितीही टणक दिसला तरी तो सच्छिद्र असतो. गिअर ऑइल त्यावर नुसते बसत नाही, आत मुरते. पेट्रोलने वरचा भाग स्वच्छ होतो, पेटवल्याने तो कोरडा दिसतो, आणि गावातल्या रस्त्यावर ब्रेकही बरा लागतो. घाटात ड्रम (चाकाबरोबर फिरणारे, लायनर ज्यावर दाबले जातात ते भांडे) तापला की मुरलेले तेल पुन्हा वर येते आणि ब्रेकची खरी गरज असते नेमक्या त्याच वेळी त्या चाकाची पकड सुटते. दुसरे चाक मात्र पूर्ण जोराने धरते आणि गाडी एका अंगाला ओढली जाते. कधी याच्या उलटही घडते, म्हणजे किंचित भिजलेला लायनर एकाएकी चिकटून चाक जाम करतो. भरलेल्या पिकअपच्या मागच्या ब्रेकवर रिकाम्या गाडीच्या मानाने पुष्कळ जास्त काम पडते, हे संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. शिवाय जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. तो जाळून-घासून त्याची धूळ छातीत घ्यावी, असे सांगणाऱ्याला काय म्हणावे? ड्रम लोखंडाचा असल्यामुळे तो धुऊन वापरता येतो, एवढे मान्य. लायनर नवेच हवेत, आणि तेही दोन्ही चाकांचे एकदम.

आता मूळ निदानाकडे येऊ. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना मागे ड्रम ब्रेक असतात आणि त्या ड्रमच्या आत गळू शकणारे द्रव दोन असतात: हौसिंगमधले गिअर ऑइल आणि व्हील सिलिंडरमधले (लायनर ड्रमवर दाबणाऱ्या नळकांड्यातले) ब्रेक ऑइल. ड्रम काढून ओल कोठून सुरू झाली ते पाहावे. व्हील सिलिंडर सहसा बॅकप्लेटच्या, म्हणजे ड्रममागच्या स्थिर पत्र्याच्या, वरच्या बाजूस असतो. त्याच्या टोकाचे रबरी बूट उचलल्यावर आत ओल असेल, तर दोष सिलिंडरचा आहे आणि सीलला हात लावण्याचे कारण नाही. ओल मधोमध, एक्सलभोवती असेल तर सीलचा संशय खरा. तरीही शंका राहिली तर एक थेंब पाण्यात टाकावा: ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते, गिअर ऑइल तरंगते आणि त्याचा गंधकासारखा उग्र वासही लपत नाही. ज्या गाड्यांत एक्सलची फ्लँज (टोकाची चकती) हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) बाहेरून बोल्टने बसवलेली असते, तेथे तिच्या गॅस्केटमधून तेल चाकाच्या बाहेरच्या अंगालाही येते. पिनियनच्या (हौसिंगच्या पुढच्या टोकाच्या गिअरच्या) सीलमधून उडालेले तेल वाऱ्याने मागे पसरते, म्हणून हौसिंग आधी स्वच्छ पुसून, थोडी गाडी चालवून पुन्हा पाहणे बरे.

ब्रेक ऑइलने सील फुगते, यात अर्धसत्य आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. एक्सलची सील सहसा नायट्राइल रबराची असतात आणि ब्रेक ऑइलमध्ये हे रबर खरोखरच फुगते. पण त्याबरोबर ते मऊ पडते, आणि काही दिवस थांबलेली गळती मग अधिक जोराने सुरू होते. बाटलीवर छापलेले ‘डॉट ३’, ‘डॉट ४’ हे प्रकार अमेरिकेच्या वाहनसुरक्षा मानक क्रमांक ११६ मधून आलेले आहेत. त्या मानकात या द्रवाची रबरावरची चाचणी ब्रेकच्या सिलिंडरमधल्या रबरी कपांसाठी वापरल्या जाणाऱ्या एसबीआर (स्टायरिन-ब्युटाडाइन) रबरावर घेतली जाते, एक्सलच्या सीलवर नव्हे. ब्रेक ऑइलमध्ये पाणी, घाण किंवा पेट्रोलियम पदार्थ मिसळल्यास ब्रेक निकामी होऊ शकतो, असा इशारा डब्यावर छापणेही तेच मानक बंधनकारक करते. ज्या द्रवाचे पेट्रोलियम तेलाशी असे वाकडे, तो क्राउन-पिनियनच्या, म्हणजे हौसिंगमधल्या गिअरच्या, तेलात ओतायचा? तो हवेतले पाणी शोषतो, गिअर ऑइलमध्ये नीट मिसळत नाही आणि दातांवरचा तेलाचा थर बिघडवतो.

तेल जास्त भरण्याचा सल्ला तर गळती वाढवणाराच आहे. बाजूला फिलर प्लग असलेल्या हौसिंगमध्ये, गाडी सपाट जागी उभी असताना, तेल त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच हवे. हौसिंगचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे तोंड) चिखलाने बुजला असेल, तर तापलेल्या हवेचा दाब सीलवरच येतो आणि चांगले सीलही तेल सोडते. तो साफ करायला पाच मिनिटे पुरतात.

नकली सील बाजारात मिळते, हे खरे. परंतु नवे सील लगेच गळू लागले तर दर वेळी दुकानदाराला दोष देण्याआधी चाक उचलून, हलवून बेअरिंगची ढिलाई पाहावी आणि सीलची कड जेथे टेकते तेथे शाफ्टवर (एक्सलच्या दांड्यावर) नख फिरवावे. नख अडकण्याइतकी खाच पडली असेल तर शाफ्टवर बारीक स्लीव्ह (धातूची पातळ नळी) चढवावी लागते, नाहीतर शाफ्ट बदलावा लागतो. आणि बेअरिंगच सैल असेल तर अस्सल सीलही फार दिवस टिकत नाही.