एकवीसचा नट आणि बावीसचा पाना

गाडीच्या डिकीत स्टेपनीखाली कंपनी एक पाना देते. तो कशासाठी देते याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. तो चाक काढायला नसतोच, तो गाडीच्या मालकाला त्याची जागा दाखवायला असतो. वीतभर लांब, एल आकाराचा, काळा रंग मारलेला, आणि इतका हलका की हातात घेतल्यावर मनात येतं, बरं झालं बाबा, याने काही मोडायचं तरी नाही.

यात शाळेतल्या विज्ञानापलीकडचं काही नाहीये. साध्या गाडीच्या चाकाचा नट साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा असतो, गाडीगणिक थोडं कमीजास्त, मॅन्युअलमध्ये नक्की आकडा असतो, मॅन्युअल कुठे असतं ते मला विचारू नका. पाव मीटरच्या पान्यानं एवढा जोर लावायचा म्हणजे पान्याच्या टोकावर चाळीस किलो वजन पडायला पाहिजे. ठीक आहे, ओणवं होऊन कुथत कुथत तेवढं जमतं माणसाला. पण हा हिशोब हातानं आवळलेल्या नटाचा. आमचे टायर बदलले ते एका चकाचक दुकानात, तिथे पोरगं हातात हवेची गन घेऊन उभं असतं आणि टर्रर्र, टर्रर्र, टर्रर्र करत चारी चाकं उरकून टाकतं, त्या गनला तीनशे-चारशे न्यूटन-मीटर म्हणजे किस झाड की पत्ती. त्यावर पुण्याचे दोन पावसाळे गेले, शिवाय आमच्या पार्किंगच्या जागेवर वरच्या मजल्याचा एक पाइप बारमाही ठिबकतो (सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय घेतलाय, चालू आहे). तर त्या नटांनी तिथे पेठेतल्या पागडीच्या भाडेकरूसारखं ठाण मांडलेलं.

आणि रविवारी सकाळी, नेमकं सासवडला बायकोच्या मावसबहिणीच्या साखरपुड्याला निघायच्या वेळेला, पुढचं डावं चाक बसलेलं.

"अहो, पंक्चरवाल्याला बोलवा ना," बायको साडीच्या निऱ्या धरून गॅलरीतून. नाक्यावरचा पंक्चरवाला गावी गेलेला. पत्र्यावर खडूनं त्याचा नंबर लिहिलाय, फोन लावला तर त्याच्या आधी केरळातला पाऊसच ऐकू आला. तो म्हणाला, बुधवारी येतो. मग काय, बायको आणि सासूबाई कॅबनं सासवडला, आणि मी पार्किंगमध्ये वीतभर पान्यासोबत.

पुण्यात माणूस पार्किंगमध्ये पाना घेऊन उकिडवा बसला की सोसायटीला बोलवावं लागत नाही. नळाला पाणी आल्याचं जसं कळतं तसं कळतं. पहिला आला बी विंगचा आयटीवाला, कारण त्याच्याकडे टूलकिट आहे आणि ते उघडायची संधी त्याला कधी मिळत नाही. ऑनलाइन घेतलेला ४६ पीसचा सेट. हिरवी डबी, आत एकेक चकचकीत गोटी (म्हणजे सॉकेट, नटावर बसणारी टोपी) आपापल्या खाचेत. मी एकेक वाचत गेलो. चार मिलिमीटरपासून सुरू, शेवटची चौदा.

"माझा नट एकवीसचा आहे रे."

"म्हणजे शेहेचाळीस पीसमध्ये एकवीस नाही?" त्याला खरंच धक्का बसला. त्याने डबी उलटी करून खालीसुद्धा पाहिलं.

हे सगळ्यांना माहीत असायला पाहिजे असं मला वाटतं, म्हणून सांगून टाकतो. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना १९ चा नट, ह्युंदाईला २१ चा, आणि ते हिरव्या-लाल डबीतले, दांडा बसायला पाव इंची चौकोन असलेले सेट हे सायकल, मिक्सर आणि घरगुती समाधान यासाठी असतात. चाकाला अर्ध्या इंची चौकोनाचंच हत्यार लागतं.

आयटीवाला मात्र खचला नाही. मी आत पाणी प्यायला गेलो तेवढ्यात त्यानं व्हिडिओ बघून जॅक लावून चाक हवेत उचललं. मग पाना लावला आणि ढकलला, तर नटासकट पान्यासकट अख्खं चाक गोल फिरलं. "निघतंय निघतंय!" म्हणून तो ओरडला.

इथे नानांचा प्रवेश. नाना पहिल्या मजल्यावर राहतात, भोसरीला एका कारखान्यात टूलरूमला जन्म काढला, रिटायर झाले पण टूलरूम डोक्यातून रिटायर झालेली नाही. "चाक खाली घे आधी. जमिनीवर असताना नट ढिले करायचे, हँडब्रेक, पहिला गिअर, आणि मग जॅक. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो, पुढचं चाक हवेत तू कशानं धरणार होतास, गूगलनं?"

चाक खाली आलं. आयटीवाल्यानं बॅगेतून डब्ल्यूडी-४० काढलं आणि मारता मारता माहिती दिली की हे १९५३ साली अमेरिकेत रॉकेटला गंज लागू नये म्हणून केलेलं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून ४०. नाना म्हणाले, "रॉकेटला चाकं असतात का?" यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की ते पाणी हटवायला चांगलं, पण बसलेल्या गंजात शिरायला वेगळं तेल मिळतं ते आणावं, आणि काहीही मारलं तरी पंधरा मिनिटं हात न लावता बसावं. "आणि ब्रेकच्या डिस्कवर उडवू नको. नायतर चाक निघेल पण नंतर गाडी थांबायची नाही."

पंधरा मिनिटं गप्प बसणं हा या सगळ्या प्रकारातला सर्वात अवघड भाग. कारण लोक जमलेले, चहा आलेला, आणि नानांना जीप आठवली.

"हे डाव्या बाजूचं चाक ना?"

"हो."

"मग आटे उलटे नाहीत ना ते बघितलंस का? आमच्या जुन्या जीपला डाव्या बाजूला उलटे आटे असायचे. एल लिहिलेलं असायचं. उलट्या बाजूला ढकलाल तर आवळत बसाल दिवसभर."

पार्किंगमध्ये शांतता. माणसाचा देवावरचा विश्वास उडाला तरी चालतो, पण घड्याळाच्या उलट फिरवलं की नट सुटतो यावरचा उडाला तर धरायचं कशाला? आयटीवाल्यानं फोन काढला, चेअरमन म्हणाले आमच्या मेव्हण्याच्या ट्रकला पण असंच होतं, एका काकूंनी तर गॅलरीतून विचारलं की मग गॅसच्या नळीलाही तसंच असतं का (सिलेंडरच्या रेग्युलेटरचा संबंध नाही पण वेल्डिंगवाल्यांकडे जळणाऱ्या गॅसच्या सिलेंडरला खरंच उलटे आटे असतात, नानांनी त्यावर वेगळं व्याख्यान दिलं). शेवटी स्टेपनी बाहेर काढताना डिकीत एक सुटा जुना नट सापडला, त्याचे आटे बघून ठरलं की गाडी सुलट्या विचारांची आहे.

मग पाईप. सोसायटीच्या नळाचं काम झालं तेव्हाचा जी.आय. पाइपचा तुकडा गच्चीवर पडलेला होता, तो पान्याच्या दांड्यावर बरोब्बर बसला. वीतभर पान्याचं पाऊण मीटर झालं, म्हणजे चाळीस किलोचं काम तेरा-चौदा किलोत. मी नुसता हात ठेवून खाली दाबलं आणि पहिला नट 'कट्' करून सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्यानं थोडे आढेवेढे घेतले, पण सुटला. मला एकदम अंगात काहीतरी संचारल्यासारखं झालं, दंड वगैरे आहेत आपल्याला असं वाटायला लागलं.

चौथ्यावर पाना लावायच्या आत चेअरमन पुढे आले. त्यांना वाटत असावं की सोसायटीचं काम चाललंय आणि अध्यक्षांचा हात लागायला पाहिजे. त्यांच्याकडे घरून आणलेला रिंग पाना, बावीसचा.

"एकवीसचा नट आहे हो," मी.

"एक मिलिमीटरनं काय होतंय?"

एक मिलिमीटरनं काय होतं ते मी फार जवळून पाहिलंय. नाक टायरला टेकवून. पाना नटावर बसतो, पण मधे सुपारीचं खांड जाईल एवढी फट राहते. जोर लावला की पाना नटाच्या सपाट बाजूला नाही, फक्त सहा कोपऱ्यांना धरतो. त्यातून तो पाना बारा कोनी, म्हणजे धरायला आणखी कमी. चेअरमननी नव्वद किलो सोडले, आणि कोपऱ्यांवरून धातूची बारीक चमकती साल निघाली, पेन्सिलीला टोक करताना निघते तशी वळून. पाना सर्रकन फिरला, चेअरमन बॉनेटवर बसले, आणि नट गोल.

"लूज होता पाना," ते म्हणाले. मग त्यांनी सुचवलं की ब्लो टॉर्चनं तापवू या. नानांनी फक्त टायरकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारून स्कूटर काढून रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. गाडीच्या पार्टसाठी नाना पेठ, हत्यारांसाठी बोहरी आळी, हे पुण्यात लहानपणीच पाठ होतं. तिथे एका बोळकंडीएवढ्या दुकानात गल्ल्यावर एक काका, मागे छतापर्यंत पाने. ते हत्यार विकत नाहीत, आधी तुमची मुलाखत घेतात.

"काय पाहिजे?"

"चाकाचा नट काढायचाय."

"मग पाना घ्या."

"गोल झालाय."

"कोणी केला?"

"चेअरमननी."

"बावीसचा लावला असेल." मान न वर करता. मी गपकन गप्प. मग त्यांनी मागून एक काळी गोटी काढून काउंटरवर ठेवली, आत स्क्रूसारखे तिरपे दात. हातोडीनं ठोकून नटावर बसवायची, जितकं सोडवायला फिरवाल तितकी आत रुतते. मी बोट घालून पाहिलं, दात चांगले धारदार. शेजारच्या ट्रेमध्ये एक चकचकीत क्रोमची गोटी दिसली, छान दिसत होती, म्हटलं ही पण द्या एकवीसची, पुढच्या वेळेला.

"देणार नाही."

"का?"

"बारा कोनी आहे ती. तुम्ही परत येणार रडत. सहा कोनी घ्या. आणि गनवर लावणार असाल तर ही काळी, क्रोममॉलीची. चकचकीत गोटी गनवर लावली तर तडकते, तुकडा डोळ्यात जातो." गिऱ्हाईकाला माल न विकून हा माणूस इतकी वर्षं दुकान कसं चालवतोय कोण जाणे, पण मी तिथून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत दाताची गोटी, सहा कोनी गोटी, दोन फुटी दांडा, आणि अर्ध्या इंचाचा टॉर्क रेंच (ठरवलेला जोर लागला की टक् वाजणारा पाना) एवढं सगळं होतं. टॉर्क रेंच मी मागितलाच नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, "आणि परत आवळणार कशानं, त्याच गननं?"

संध्याकाळी पार्किंगमध्ये पुन्हा गर्दी. गोटी ठोकली, दांडा लावला, नाना म्हणाले झटका नको, सलग दाब. दाबला. काही नाही. अजून दाबला, दांडा चक्क वाकल्यासारखा वाटला, आणि असा 'कडाक्' आवाज आला की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"स्टड तुटला," चेअरमन आनंदानं म्हणाले.

स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा दांडा, नव्हता तुटला. नट निघाला होता, गोटीच्या आत घट्ट रुतून. आता तो गोटीतून काढायला पंच आणि हातोडी, ते वेगळंच.

स्टेपनी लावून, पंक्चर चाक घेऊन मी टायरवाल्याकडे गेलो, त्याच चकाचक दुकानात, कारण तेच घराजवळ आहे. पोरानं पंक्चर काढलं, चाक बसवलं, नवा नट लावला आणि सवयीनं गन उचलली. मी मधे उभा राहिलो. म्हटलं हातानं बसव, समोरासमोरचे नट घेत, आणि शेवटी हा घे, शंभरवर लावलाय, टक् वाजलं की थांबायचं.

त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं, पण घेतला. पहिला नट, टक्. त्याचा चेहरा बदलला. त्यानं परत दाबला, टक्. परत, टक्.

"अरे बास, एकदाच! परत परत दाबलं की आवळत जातो तो!"

"काका, मजा येती हो," तो म्हणाला, आणि आतल्या पोराला हाक मारली, "ए पश्या, इकडं ये, हे बघ!"