तरणा पाऊस, म्हातारा पाऊस आणि पिठ्या ढेकूण

घरातल्या झाडांवर व्हिडिओ करणाऱ्या मंडळींना एकदा जुलैत बेळगावला आणून ठेवलं पाहिजे. 'पानांवर रोज पाण्याचा फवारा मारा, कुंडीखाली ताटलीत खडे घालून पाणी ठेवा, झाडांना दमट हवा आवडते,' असं ते हसतमुखानं सांगत असतात. त्यांच्याकडे हिवाळ्यात हीटर चालतात, खोलीतली हवा पार कोरडी पडते. तिथं त्यांचं बरोबरच असेल. आमच्या शहापुरातल्या जुन्या घरात पुनर्वसूचा तरणा पाऊस लागला की भिंतच हाताला ओली लागते. मग पुष्य, म्हणजे म्हातारा पाऊस. म्हातारा झाला म्हणजे दमेल, असं वाटतं. पण तरण्याचा निदान जोर तरी असतो, म्हातारा नुसती पिरपिर लावून दारात बसतो.

मी हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र मागवलं. ते ९४ वर जाऊन बसलं. आई म्हणाली, "ह्याला पैसे कशाला घातलास? मिठाची बरणी बघ की." शास्त्र आईच्याच बाजूनं निघालं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घ्यायला लागतं. यंत्र आता बरणीशेजारीच ठेवलंय.

अशा हवेत पानांतून पाणी फारसं उडत नाही, म्हणून मुळंही फारसं पाणी ओढत नाहीत, म्हणून माती ओली ती ओलीच. त्या ओल्या मातीत बारीक काळी चिलटं अंडी घालतात, अळ्या बुरशी खातात, ती संपली की कोवळ्या मुळांकडे वळतात. तीन-चार आठवड्यांत नवी पिढी चहाच्या कपात. दुकानदारानं पिवळे चिकट कागद दिले. त्यावर उडणारी चिलटं अडकतात, हे खरं. पण अळ्या मातीत खुशाल असतात. शिवाय एक कागद पाहुण्याच्या बाहीला चिकटला, आणि तो पाहुणा सोयरिकीची बोलणी करायला आलेला होता. त्याविषयी जास्त लिहीत नाही.

पिठ्या ढेकूण ही झाडांवरची कीड म्हणजे त्याहून पोचलेली जात. अंगावर मेणाचं पीठ, त्यामुळे पाणी मारलं तर घरंगळून जातं. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर घेऊन एकेकाला पुसायचं, मेण विरघळतं आणि तो मरतो. रविवारची सकाळ त्यात जाते. पण मला खरा अपमान वाटला तो मुंग्यांचा. हे ढेकूण गोड चिकट रस सोडतात, मुंग्या त्यासाठी त्यांना गुरांसारख्या राखतात. टेबलावर कुंद्याचा डबा उघडा होता. बेळगावचा कुंदा! आणि मुंग्यांची रांग त्याला वळसा घालून मनी प्लांटवर चढत होती.

कडुलिंबाचं तेलही करून झालं. लिटरभर पाण्याला पाच मिली, वर साबणाचे थेंब, नाहीतर तेल वेगळं आणि पाणी वेगळं. गुण येतो. पण पावसात खिडक्या बंद, त्यामुळे तो वास सोफ्यात, पडद्यात आणि बायकोच्या मते आमटीतही उतरला.

एवढ्यात निपाणीचे मामा आले. निपाणीच्या माणसाकडे प्रत्येक रोगावर तंबाखूच असते. "काढा करून मार, एक किडा राहायचा नाही," म्हणाले. तंबाखूनं किडे मरतात, यात शंका नाही. पण तो काढा माणसालाही विषारी, आणि तंबाखूतून येणारा मोझॅक विषाणू खिडकीतल्या मिरचीला-टोमॅटोला लागू शकतो. मी हे अदबीनं सांगत होतो. मामा तळहातावर चुना मळत ऐकत होते. बायको आतून म्हणाली, "मामा, किडे मरतात म्हणता, आणि तुम्ही ती रोज खाता?" मामांनी चिमूट तोंडात टाकली आणि विषय संपवला.

खरा उपाय शेजारच्या अक्कांनी दारातूनच सांगितला. कुंडीत बोट घालून म्हणाल्या, "नीर भाळ आत्री." पाणी फार झालंय, बास. वरची दोन बोटं माती वाळू द्या, वारा लागू द्या. पण आमच्याकडे पावसाळ्यात पंखा सार्वजनिक मालमत्ता असतो. आधी शाळेचे गणवेश, मग मोजे, मग आईची नऊवारी, मग लाईट जाते. झाडांचा नंबर लागेपर्यंत आश्लेषा येते.

निदान पाणी तरी थांबवावं म्हणून 'कुंडीत पाणी घालू नये' अशी पाटी लावली. कामाला येणाऱ्या मावशींनी तिच्याखालीच तांब्या ओतला. त्यांना कन्नडच वाचता येतं. म्हणजे बेळगावचा पाटीचा प्रश्न शेवटी मनी प्लांटपर्यंत पोचला! मुलगी शाळेत कन्नड शिकते. तिनं नवी पाटी केली, कर्नाटकातल्या पाट्यांच्या कायद्याप्रमाणे ६० टक्के जागा कन्नडला, खाली मराठी, कोपरा उरला तिथं इंग्रजी. मावशी त्या दिवसापासून कुंडीला हात लावत नाहीत.

माती तरीही ओलीच. काल आईला पातेलं घेऊन कुंडीपाशी गाठलं.

"आई, पाटी वाचलीस ना?"

"वाचली की! मी पाणी कुठं घालूलालेय? हे तांदळाचं धुवण आहे."