शिशात कोणती आठ माणसं बसली होती?

चिनी अक्षरांत बायबलच्या कथा दडल्यात, असं सांगणारा तो फॉरवर्ड अखेर आमच्या मावशीपर्यंत पोचला. एवढ्यावर थांबलं असतं तर सोडून दिलं असतं. पण येत्या रविवारी संडे स्कूलच्या पोरांना ती हे फळ्यावर काढून दाखवणार आहे, म्हणून लिहिणं भाग पडलं.

दावा असा: बायबलमधल्या बाबेलच्या बुरुजाच्या कथेत देवाने भाषा वेगळ्या केल्यावर पांगलेले लोक चीनला गेले, 4,500 वर्षांपूर्वी तिथे त्यांनी चित्रलिपी केली, तिच्यात 'उत्पत्ती' या बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या कथा दडवल्या, आणि ती लिपी आजतागायत तशीच आहे. पुरावा काय, तर जहाजासाठीचं 'छ्वान' हे अक्षर. डावीकडे नाव म्हणजे होडी, उजवीकडे वर आठचा आकडा, खाली तोंड. झालं महापुरातून वाचलेल्या नोहाचं तारू!

तारवात आठ माणसं होती, कबूल. चिनीत घरातली माणसं 'तोंडं' म्हणून मोजतात, तेही कबूल. पण हाच 'आठ-तोंड' तुकडा शिसे या धातूच्या अक्षरातही आहे, आणि काठाकाठाने जाण्याच्या अक्षरातही. शिशात कोणाचं कुटुंब कोंबलं होतं? तो तुकडा तिथे फक्त उच्चार सुचवायला आहे. हे माझं मत नव्हे. चीनच्या हान राजवटीतल्या श्यू शन या पंडिताने इ.स. 100च्या सुमारास 9,353 अक्षरांची फोड करणारा कोश रचला. त्यात छ्वानची नोंद स्वच्छ आहे: अर्थ नावेवरून, उच्चार शिशाच्या अक्षरावरून, त्यातला धातूचा भाग गाळून. बायबलशी त्याचं वैर असायचं कारण नाही. बिचाऱ्याला ते माहीतच नव्हतं. शिवाय जुन्यात जुन्या चिनी लेखांत नावेला 'चोउ' हे वेगळंच, साधं अक्षर आहे. छ्वान पुष्कळ शतकांनी आलं.

सगळी अक्षरं चित्रं? सूर्य, चंद्र, डोंगर, झाड ही मुळात चित्रंच होती, खरं आहे. पण बहुतेक अक्षरं अर्धी अर्थाची, अर्धी उच्चाराची. आईचं 'मा' घ्या: डावीकडे बाई, उजवीकडे घोडा, कारण घोडाही 'मा'च, फक्त सूर वेगळा. फॉरवर्डच्या हिशेबाने आई म्हणजे घोडी. हेही काढा फळ्यावर.

4,500 वर्षांचं म्हणाल, तर वाचता येणारं सर्वांत जुनं चिनी लेखन हनान प्रांतातल्या आनयांगचं, इ.स.पू. 1250च्या आसपासचं. तोवर सुमेरमधल्या (आजच्या इराकमधल्या) उरुकच्या लिहिलेल्या मातीच्या पाट्या जवळजवळ 2,000 वर्षांच्या झाल्या होत्या. आनयांगची लिपी तेव्हाच मुरलेली दिसते, म्हणजे आधीची काही पिढ्यांची घडण असणार, एवढं मान्य. पण म्हणून ती थेट बाबेलला नेऊन भिडवता येत नाही. आणि आनयांगला बैलाच्या खांद्याच्या हाडांवर, कासवांच्या कवचांवर कौल लावण्यासाठी लिहिलंय काय? शांग घराण्याचा राजा वू दिंग याच्या शंका: पाऊस येईल का, दात कोणत्या पूर्वजामुळे दुखतोय, राणी फू हाओची सुटका नीट होईल का. त्या शेवटच्या प्रश्नाखाली निकालही कोरलाय: 31 दिवसांनी बाळंत झाली, चांगलं झालं नाही, मुलगी झाली. आदाम नाही, हव्वा नाही.

'आजतागायत तशीच' याला दोन ओळी पुरेत. सगळा चीन एक करणाऱ्या छिन सम्राटाने इ.स.पू. 221 नंतर लिपी एकसारखी करवली, 1956 मध्ये चीनच्या सरकारने शेकडो अक्षरं सोपी केली. हाडांवरची निम्मी चिन्हं तर तज्ज्ञांनाही अजून खात्रीने लागलेली नाहीत.