सूचनेनुसार कृती करा

दहावीच्या मराठीची कृतिपत्रिका 80 गुणांची. पैकी भाषाभ्यास 16, उपयोजित लेखन 24. हे आकडे मला झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेन. पण उत्तरं भरायची चौकट संगणकावर आखायची कशी, हे बीएडला कुणी शिकवलं नव्हतं. प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली आणि मराठीच्या शिक्षकाला अर्धी भूमिती आली. आकृतिबंध, ओघतक्ते, बाण! धड्यावर काय विचारायचं ते चहा संपेपर्यंत सुचतं. मग रात्र जाते बाण चौकटीला टेकवण्यात. चौकटीत एक शब्द वाढवला, की बाण निघाला पुढच्या पानावर, थेट समासाच्या प्रश्नात.

'आयतं घ्या की माझं,' म्हणत शाळेतल्या एका ज्येष्ठ सरांनी आपला जुना साठा पेनड्राइव्हवर दिला. फाइल उघडली, तर वर्तमानपत्रात शिवी छापताना टाकतात तशा फुल्या आणि टिंबं! जुन्या डीटीपी फॉन्टांत देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असायची. फॉन्ट नाही, तर मराठी नाही. सरांचे सगळे वाक्प्रचार पुन्हा युनिकोडमध्ये टाइप केले.

सरावपत्रिका विषयशिक्षकांच्या ग्रुपवर टाकली. अंगठे आले, जोडलेले हात आले. मग एक सर आले. 'मॅडम, ल हिंदी वळणाचा आहे. 2009चा शासन निर्णय वाचावा.' म्हणणं खोटं नव्हतं. पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी त्यात ठरवूनच दिलेत. पण माझ्या फॉन्टने शासन निर्णय वाचला नव्हता, त्याला मी काय करू? फॉन्ट बदलला. बाण पुन्हा फिरायला गेले.

आठवडाभरात तीच पत्रिका दुसऱ्या ग्रुपवरून मला आली. वर कुठल्याशा क्लासचं नाव, खाली मोबाइल नंबर, आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'. एका विद्यार्थिनीने तर ती मलाच आणून दाखवली. 'मॅडम, क्लासची बघा ना, किती छान आहे!' मी बघितली. छानच होती.

यंदा शहाणपणा करून पीडीएफ टाकली, प्रत्येक पानावर फिकट अक्षरांत माझं नाव. पाच मिनिटांत मेसेज : 'मॅडम, वर्ड फाइल टाका ना. यातलं नाव निघत नाहीये.' इतक्या प्रामाणिक माणसाला नाही कसं म्हणणार? वर्ड फाइल पाठवली.

'धन्यवाद मॅडम. उत्तरंही टाका. स्वमताचं पण.'